निदानाची मजुरी

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या संघाचे एक सभासद आमच्याकडे आले आणि, आपला टेंपो विकावयाचा आहे, कोणी गिऱ्हाईक असल्यास कळवावें, असें म्हणाले. वसई तालुक्यांत त्यांची तीन एकर बागाईत आहे. वांगीं, दुधी, काकडी व पालेभाजी हा तेथील माल. आठवड्यांतून चार दिवस पहाटे तीन वाजतां तो टेंपोंत भरून ते वसईची खाडी ओलांडतात, घोडबंदर रोडनें गायमुखचा घाट चढतात आणि उजाडण्यापूर्वीं ठाण्याच्या बाजारांत पोहोंचतात. टेंपो सतरा वर्षांचा आहे. परंतु इंजिन धूर सोडीत नाहीं, पाटे शाबूत आहेत, ब्रेक नीट लागतात. मग तो विकावयाचा कां, असें आम्हीं विचारतां ते म्हणाले, "चौदा महिन्यांत चार वेळां सेल्फ गेला. आतां त्याचा भरंवसा उरला नाहीं."

सेल्फ म्हणजे चावी फिरवितांच इंजिनास फिरवून जागें करणारी विजेची मोटर. श्रावणांतल्या एका पहाटे घाटाच्या चढावर वाहतूक तुंबली, डिझेल वाचावें म्हणून ह्या गृहस्थांनीं इंजिन बंद केलें, आणि पुढची गाडी हलली तेव्हां तें पुन्हां सुरू होईना. मागच्या कंटेनरवाल्यांचीं बोलणीं खात टेंपो कडेला ढकलावा लागला. ताडपत्रीखालीं पालेभाजी तापली, बाजार हुकला, आणि उरलेला माल चवथाई भावानें द्यावा लागला. त्या दिवशीं त्यांनीं नवें वाहन कर्जानें घेण्याचें मनाशीं ठरविलें. तीन एकरांच्या धन्यास दरमहाचा हप्ता म्हणजे काय असतें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

तो टेंपो विकला गेला नाहीं. कां, तें पुढें सांगूं. तत्पूर्वीं एक कबुली दिली पाहिजे. ह्या चार वेळांपैकीं दुसऱ्या वेळीं हे सभासद आमच्याच सल्ल्यानें चालले होते. "बॅटरी जुनी झाली असेल, नवी घाला," असें आम्हीं टेंपोचें झांकणही न उघडतां सांगितलें होतें. तेव्हां पुढें जी टीका आम्ही करणार आहों तिच्यांतून आम्ही स्वतःस वगळीत नाहीं.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे: एकदां गेलेला सेल्फ हा सेल्फाचा दोष असूं शकेल, परंतु वर्षाच्या आंत दुसऱ्यांदा गेलेला सेल्फ हा बहुधा दुसऱ्याच कोणाच्या दोषाची साक्ष असतो. साक्षीदारासच वारंवार फांशीं देऊन खटला निकालांत निघत नाहीं.

ह्याचें कारण समजण्यासाठीं हें यंत्र मुळांत कशासाठीं निर्माण झालें तें पाहिलें पाहिजे. चार्ल्स केटरिंग ह्या अमेरिकन इंजिनिअरनें तयार केलेला विजेचा स्टार्टर १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारींवर बसवून आला. त्यापूर्वीं मोटारींचीं इंजिनें बहुधा हँडल मारूनच सुरू करावीं लागत. विहिरीवरचें डिझेल इंजिन ज्यांनीं हँडलनें फिरविलें आहे त्यांस त्या कामांतील जोर आणि धोका दोन्ही ठाऊक आहेत. हँडल उलटलें तर मनगट मोडतें. केटरिंगनें पूर्वीं दुकानांतील गल्ल्याच्या यंत्रास विजेची मोटर लावली होती. मोटरीस जर क्षणभरच काम करावयाचें असेल, तर लहानशा मोटरीकडूनही तिच्या आकाराच्या मानानें कितीतरी मोठें काम घेतां येतें, ही गोष्ट त्या कामावरून त्यास उमगली होती. सगळा स्टार्टर ह्या एका विचारावर उभा आहे. चिखलांत रुतलेली गाडी बैलजोडी एका हिसक्यांत बाहेर काढते. तोच हिसका तिला घटकाभर देत राहावयास लावला तर बैल बसतील. सेल्फ हा असा हिसक्याचा बैल आहे. त्याला ओझें सोसतें, वेळ सोसत नाहीं.

डिझेल टेंपोचा सेल्फ फिरत असतां दोनशें ते तीनशें अँपिअर प्रवाह ओढतो. घरांतला छताचा पंखा अर्धा अँपिअरही घेत नाहीं, ह्यावरून ह्या प्रवाहाच्या प्रचंडपणाची कल्पना येईल. आतां बॅटरीपासून सेल्फापर्यंत जाण्याच्या आणि परत येण्याच्या वाटेंत कोठें गंज, सैल बोल्ट किंवा तुटके धागे असले, आणि त्यांचा अडथळा एका ओहमच्या शंभराव्या भागाइतकाच असला, तरी अडीचशें अँपिअरला अडीच व्होल्ट वाटेंतच खर्ची पडतात. बारा व्होल्टांच्या संसारांत अडीच व्होल्टांची गळती म्हणजे पाटाचें पाणी शेतांत पोहोंचण्यापूर्वीं पांचवा हिस्सा उंदरांच्या बिळांत जाण्यासारखें आहे.

येथें एक समजूत दुरुस्त केली पाहिजे. दाब कमी झाला तर प्रवाहही कमी होईल आणि मोटर उलट वांचेल, असें पुष्कळांस वाटतें. तसें घडत नाहीं. इंजिनाचें ओझें तेंच राहतें, म्हणून तें ओढण्यास लागणारा प्रवाहही जवळजवळ तेवढाच राहतो. कमी होतो तो वेग. डिझेल इंजिन संथ फिरलें कीं सिलिंडरांतील हवा डिझेल पेटण्याइतकी तापत नाहीं, आणि जें काम तीन सेकंदांत व्हावयाचें तें पंधरा सेकंदांवर जातें. तितका वेळ तोच प्रवाह कार्बन, आर्मेचर आणि फील्ड कॉइल ह्यांना भाजून काढतो. सोलेनॉइडची पकडही अपुऱ्या दाबानें सैल पडते, त्याचे तांब्याचे संपर्क ठिणग्या टाकूं लागतात आणि जळतात. विहिरीवरची मोटर कमी दाबावर चालविली तर जळते, हें आमचा प्रत्येक बागाईतदार जाणतो. मोटर जळाली तर तो आधीं तारेकडे व खांबाकडे पाहतो. टेंपोच्या बाबतींत मात्र तोच शहाणा मनुष्य नुसता सेल्फ बदलून मोकळा होतो.

घोडबंदर रोडवरच ह्या रोगाची तक्रार इतकी कां ऐकूं येते, ह्याचाही विचार व्हावयास पाहिजे. ह्या रस्त्याच्या एका अंगास येऊरचे डोंगर व दुसऱ्या अंगास खाडी. खाडीची खारी, दमट हवा तांब्यापितळेस हिरवा गंज आणते. पावसाळ्यांत सखल भागीं पाणी तुंबतें, आणि सेल्फ हा इंजिनाच्या खालच्या अंगास बसविलेला असल्यामुळें त्या पाण्याचा व चिखलाचा पहिला प्रसाद त्यालाच मिळतो. शिवाय माजिवडें, मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळें असें करीत गायमुखापर्यंतच्या वाटेवर वाहन चालण्यापेक्षां थांबतेंच अधिक. मेट्रोच्या खांबांचें काम रस्त्याच्या मध्यें ज्या वर्षांत चाललें होतें, त्या वर्षांत तर हा अनुभव सर्वांनीं पुरेपूर घेतला. डिझेल महाग, म्हणून आमचे लोक प्रत्येक थांब्यास इंजिन बंद करतात.

हें करणें मुळांतच चूक आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. हिशेब करून पाहावा. निरोगी टेंपो अडीचशें अँपिअर प्रवाहानें तीन सेकंदांत सुरू झाला, तर बॅटरींतून जेवढी वीज गेली ती, अल्टरनेटरपासून दहा अँपिअर शिल्लक मिळत असल्यास, सवा मिनिटांत भरून निघते. पण सेल्फ पंधरा सेकंद फिरवावा लागला, तर त्याच भरपाईस सहा मिनिटांहून अधिक वेळ लागतो. घाटांत दहा वेळां असें केलें तर एक तासभर चालण्याचें देणें बॅटरीच्या डोक्यावर बसतें, आणि वाहन तर दोन मिनिटें सरकून पुन्हां उभें. असें देणें सांचत जातें आणि एके पहाटे दिवाळें निघतें. नव्या कांहीं मोटारी थांब्यावर आपोआप बंद होतात व पुन्हां सुरू होतात, हें पाहून जुन्या वाहनानें त्यांची बरोबरी करूं नये. त्यांचे स्टार्टर आणि बॅटऱ्या त्या कामासाठींच अधिक दणकट केलेल्या असतात. जुन्या टेंपोवाल्यानें थांबा लांबणार अशी खात्री असेल तरच इंजिन बंद करावें.

आतां निदानाकडे वळूं. सेल्फ वारंवार जाण्याचीं कारणें आमच्या समजुतीप्रमाणें पांच घरांत मांडतां येतात. पहिलें घर बॅटरीचें व ती भरणाऱ्या अल्टरनेटरचें. दुसरें घर जाण्यायेण्याच्या वाटेचें, म्हणजे जाड तारा, टर्मिनल व अर्थिंगची पट्टी ह्यांचें. तिसरें घर इंजिनाचें: डिझेलमध्यें हवा शिरत असेल, थंडींत इंजिन तापविणारे ग्लो प्लग जळालेले असतील, अथवा कॉम्प्रेशन कमी झालें असेल, तर दर सकाळीं सेल्फास नाहक राबावें लागतें आणि शिव्या मात्र त्यालाच मिळतात. चवथें घर सेल्फाच्या शेजाऱ्यांचें. फ्लायव्हीलच्या रिंगेचे दांते झिजलेले असणें, हें त्यांतलें मुख्य. चार सिलिंडरचें इंजिन बंद होतांना बहुधा त्याच त्या दोन जागीं थांबतें, म्हणून दांते तेथेंच अधिक खातात. क्लचची धूळ अथवा गळणारें तेल सेल्फांत जाऊन कार्बन चिकटणें, बसविण्याची जागा गंजल्यामुळें सेल्फ तिरका बसणें, हेंही ह्याच घरांत येतें. चावीची स्प्रिंग मरून ती 'स्टार्ट'वरच अडकून राहत असेल, तर इंजिन सुरू झाल्यावरही सेल्फ ओढला जातो आणि त्याचें आर्मेचर फुटतें. असा दोष असलेल्या गाडींत कितीही नवे सेल्फ घातले तरी ते मरणारच. पांचवें आणि शेवटचें घर खुद्द सेल्फाचें, म्हणजे हलक्या मालानें भरलेल्या, बुश ढिले असलेल्या, अथवा त्या गाडीच्या मापाचा नसलेल्या सेल्फाचें.

हें शेवटचें घर आहे, हें लक्षांत ठेवावें. आपण मात्र तेथूनच सुरुवात करतों.

तपासणीस फार मोठी विद्या लागते असेंही नाहीं. जवळ कांहीं साधन नसलें तरी अंधारांत दिवे लावून चावी फिरवावी आणि दिव्यांकडे पाहावें. दिवे विझण्याच्या बेतास आले, तर बॅटरी रिकामी आहे, तिचें टर्मिनल सैल आहे, किंवा सेल्फ अथवा इंजिन आंतून जाम आहे. दिवे लख्ख राहिले आणि कांहींच आवाज आला नाहीं, तर हुकूमच पोहोंचत नाहीं; चावी, रिले व बारीक तार पाहावी. दिवे लख्ख आणि नुसता 'टक्' असा आवाज, तर सोलेनॉइडचे संपर्क जळाले असण्याचा संभव मोठा. आणि दिवे फारसे मंदावत नाहींत, पण सेल्फ मात्र रडत रडत फिरतो, असें दिसलें, तर बॅटरीवर आळ घेऊं नये; चोर वाटेंत आहे. अशा वेळीं दोनतीनदां सेल्फ मारून झाल्यावर तारांच्या सांध्यांस हाताची पालथी बाजू जपून लावावी. जो सांधा गरम लागेल तो वीज खातो आहे. ह्याहून सोपी परीक्षा म्हणजे, एक जाड जोडतार घेऊन तिचें एक टोंक बॅटरीच्या ऋण खुंटास व दुसरें इंजिनाच्या उघड्या लोखंडास लावावें. एवढ्यानें सेल्फ जोमानें फिरूं लागला, तर अर्थिंगचा दोष सिद्ध झाला.

ज्यांजवळ मीटर आहे त्यांनीं चार आंकडे घ्यावे. कांहीं शे रुपयांत मिळणारा साधा मीटर ह्यास पुरतो. पहिला आंकडा रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीचा: १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे पावच उरलेली. दुसरा आंकडा सेल्फ फिरत असतांना बॅटरीच्याच दोन खुंटांमधला: आपल्या हवेंत तो दहाच्या फार खालीं जातां कामा नये, ९.६ ही शेवटची हद्द समजावी. तिसरा आंकडा वाटेंतल्या गळतीचा, आणि सर्वांत महत्त्वाचा. सेल्फ फिरत असतां मीटरचें एक टोंक बॅटरीच्या ऋण खुंटावर व दुसरें सेल्फाच्या अंगावर धरावें, ०.२ व्होल्टहून अधिक दिसल्यास परतीची वाट नादुरुस्त. तसेंच धन खुंटापासून सेल्फाच्या जाड बोल्टापर्यंत सोलेनॉइडसकट ०.५ हून अधिक दिसूं नये. चवथा आंकडा इंजिन चालू असतांनाचा: १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असल्यास अल्टरनेटर आपलें काम करतो आहे. मोजतांना इंजिन सुरू होऊं नये म्हणून डिझेलचा दोर ओढून धरावा, सेल्फ दहा सेकंदांहून अधिक फिरवूं नये आणि दर खेपेनंतर मिनिटभर तरी थांबावें. गाडी न्यूट्रलमध्यें, हातब्रेक ओढलेला, चाकांखालीं दगड, हातांत कडें नाहीं, आणि बॅटरीजवळ विडी नाहीं. बॅटरींतून निघणारा वायु पेट घेतो, ह्याचा विसर पडूं देऊं नये.

आमच्या सभासदांचा टेंपो आम्हीं एका वृद्ध वायरमनास दाखविला. ह्यांचा जन्म एस. टी.च्या आगारांत गेला असून ते आतां निवृत्त आहेत. त्यांनीं पाना हातांत घेण्यापूर्वीं अर्धा तास नुसता मीटर लावला. बॅटरी रात्रभराच्या विश्रांतीनंतर १२.६, म्हणजे निर्दोष. सेल्फ फिरत असतां तिच्या खुंटांवर ११.०, तेंही उत्तम. परंतु त्याच क्षणीं सेल्फाच्या बोल्टावर व अंगावर मिळून अवघे ८.२ पोहोंचत होते. धन बाजूस ०.४ ची गळती, ती चालण्याजोगी. ऋण बाजूस २.४! त्यांनीं टेंपोखालीं पडून गिअरबॉक्स व चेसिस ह्यांना जोडणारी विणलेल्या तांब्याची हातभर पट्टी दाखविली. धागे हिरवे पडून निम्मे तुटले होते, आणि बोल्टाखालीं काळ्या रंगाचा जाड थर होता. वीज रंगांतून जात नाहीं.

तो रंग तेथें कसा गेला? त्यांनीं विचारलें, "सेल्फ पहिल्यांदा जाण्याआधीं गाडीवर काय काम केलें होतें?" आठवून आठवून उत्तर आलें कीं, त्याच महिन्यांत क्लच टाकला होता, आणि पाठोपाठ पासिंगसाठीं चेसिसला रंग मारला होता. क्लचसाठीं गिअरबॉक्स उतरवितांना पट्टी काढली गेली, ती कशीबशी अडकविली, आणि तिच्या सांध्यांतच रंग शिरला. मग त्यांनीं दुसरा प्रश्न केला: "ॲक्सिलरेटरची केबल कधीं गरम लागली कां?" सभासद चकितच झाले. ती केबल दोनदां भाजून अडकली होती व त्यांनीं ती दोनदां बदललीही होती; पण सेल्फाशीं तिचा संबंध काय, म्हणून कोणाजवळ बोलले नव्हते. परतीची मोठी वाट बंद झाल्यावर वीज केबलीच्या बारीक वाटेनें घरीं जाऊं पाहत होती. पट्टी नवी घातली, दोन्ही जागा घांसून लोखंड उघडें केलें, वरून ग्रीस लावलें. ऋण बाजूची गळती ०.१ वर आली आणि टेंपो दुसऱ्या सेकंदास लागला. चार वेळच्या सेल्फावर, एका बॅटरीवर आणि दोन केबलींवर जो पैसा गेला त्याच्या तुलनेनें ह्या पट्टीची किंमत सांगावयास आम्हांस लाज वाटते.

आतां दोष कोणाचा? चारही वेळां ज्या निरनिराळ्या गॅरेजांत हें काम झालें त्यांच्या माथीं सगळें खापर फोडणें सोपें आहे. त्यांनीं मोजून पाहावयास हवें होतें, ह्यांत संशय नाहीं. पण जरा त्यांच्या जागीं उभे राहून विचार करूं. कारागिरानें अर्धा तास मीटर लावला आणि "सेल्फ चांगला आहे, पट्टी बदला," असें सांगितलें, तर आपण त्यास काय देतों? पट्टीचे पैसे आणि वर चहा. त्यानें कांहीं न पाहतां सेल्फ उतरवून दुसरा चढविला, तर आपण मुकाट्यानें हजारांनीं मोजतों, कारण हातांत वस्तु दिसते. जुना सुटा भाग फडक्यांत गुंडाळून परत मिळाला कीं आपलें समाधान होतें. वस्तूस मोल आणि विचारास फुकट, हा बाजार आपणच मांडला आहे. ज्या धंद्यांत निदानाची मजुरी मिळत नाहीं, त्या धंद्यांत निदान करणारे उरत नाहींत; उरतात ते बदलणारे. ज्या वृद्ध वायरमनांनीं हा दोष शोधला त्यांच्या हाताखालीं शिकावयास आज कोणी पोरगा येत नाहीं, ह्याचें कारणही हेंच.

शेतींतही आपली चाल ह्याहून निराळी नाहीं. पान पिवळें पडलें कीं युरिया टाकावयाचा. तें पिवळेपण मुळाशीं पाणी सांचल्यानें आलें, लोहाच्या कमतरतेनें आलें, कीं मुळांस सूत्रकृमि लागल्यानें आलें, हें मूळ उपटून पाहण्यास जो वेळ लागतो तो आपणांस फुकट गेल्यासारखा वाटतो. आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं, ही म्हण आपण दुसऱ्यास हंसण्यासाठीं वापरतों. तिचा आरसा स्वतःसमोर धरीत नाहीं.

कोणी म्हणतील, इतकें करण्यापेक्षां जुनीं वाहनें मोडींत घालावीं. सरकारनेंही २०२१ सालीं वाहनें मोडींत काढण्याचे नियम केलेच आहेत. ज्या वाहनाचे ब्रेक, चेसिस अथवा धूर लोकांच्या जिवास अपायकारक झाला आहे तें मोडींतच गेलें पाहिजे, ह्याविषयीं आमचें दुमत नाहीं. पण जें वाहन योग्यतेच्या तपासणींत उतरतें, तें केवळ एका पट्टीपायीं विकून शेतकऱ्यानें कर्ज काढावें, हें शहाणपण नव्हे. विजेवर चालणाऱ्या वाहनांस सेल्फच नसतो, असेंही कोणी सांगतील. तें खरें; परंतु सैल व गंजका सांधा तेथेंही तापतोच. यंत्र बदललें म्हणून निदानाची गरज संपत नाहीं.

म्हणून आमच्या संघापुढें आम्ही तीन सूचना ठेवितों. पहिली ही कीं, संघाच्या गोदामांत एक मीटर, बॅटरींतील पाण्याचें वजन पाहणारें एक हायड्रोमीटर व एक जाड जोडतारांचा जोड ठेवावा, आणि पेरणीयंत्र जसें पाळीनें मिळतें तसें हें साहित्य सभासदांस पाळीनें मिळावें. दुसरी, प्रत्येक वाहनधारकानें एक वही घालावी आणि वाहनावर केलेलें प्रत्येक काम तारखेनिशीं तींत लिहावें. क्लच, रंग आणि सेल्फ ह्या तीन तारखा एका पानावर असत्या, तर चौदा महिन्यांचा प्रश्न चौदा मिनिटांत सुटता. तिसरी सूचना सर्वांत अवघड आहे, कारण ती खिशाशीं संबंध ठेविते. कारागिरास तपासणीची मजुरी वेगळी व आधीं कबूल करावी: "वस्तु बदला अगर बदलूं नका, पाहण्याचे इतके पैसे तुमचे." आणि वर्षाच्या आंत तीच वस्तु दुसऱ्यांदा बदलण्याची वेळ आली, तर वरचे चार आंकडे कागदावर लिहून घेतल्याशिवाय होकार देऊं नये.

असे पैसे देतांना आरंभीं हात आंखडेल, हें आम्ही जाणतों. आमच्या सभासदांनीं त्या वृद्ध गृहस्थांस पट्टीच्या किंमतीच्या कितीतरी पट मजुरी देऊं केली तेव्हां तेच प्रथम घेईनात. "मी केलें काय, एक बोल्ट घांसला," असें म्हणाले. इतक्या वर्षांत बोल्ट घांसण्याचेच पैसे मिळाले, कोणता बोल्ट घांसावयाचा हें ओळखण्याचे कोणी दिलेच नव्हते! आग्रह केल्यावर त्यांनीं ते घेतले. दुसऱ्या दिवशीं पहाटे तीन वाजतां तो टेंपो वांगीं भरून निघाला आणि उजाडण्यापूर्वीं ठाण्यास पोहोंचला. संघाच्या पुढील सभेंत वरील सूचना चर्चेस येतील, तेव्हां सभासदांनीं आपल्या वाहनांच्या वह्या बरोबर आणाव्या. ज्यांजवळ वही नाहीं, त्यांनीं ती आजच घालावी.